माणूस पाठीवर घेऊन उडणारा प्राणी रचताना: हिशेब, खोगीर आणि पावागडची उडी

कथेत, चित्रमालिकेत किंवा खेळात उडणारं वाहन आणायचं म्हटलं की बहुतेक जण आधी पंख काढतात, मग डोळे, मग शेपटी, आणि सगळ्यात शेवटी पाठीवर एक माणूस ठेवून देतात. इथेच गाडी बिघडते. सुरुवात माणसापासून करायची. देवाच्या वाहनाला हिशेब लागत नाही. गरुडाला कुणी पंखांचं क्षेत्रफळ विचारत नाही. पण हाडामांसाचा माणूस बसवलात की वाचक मनातल्या मनात वजन करतोच, आणि बडोद्याच्या वाचकाला तर दर उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, कागदाच्या तुकड्याचाही तोल सांभाळायची सवय असते.

तर आधी स्वार. ६२ किलोचा माणूस, त्यावर खोगीर, पट्टे, पाण्याची पिशवी, अंगरखा मिळून ८ किलो. एकूण ७० धरा. ढाल-तलवार, चिलखत, मागे बसलेली नायिका हे सगळं नंतर, आणि जमलं तरच. घोड्याच्या बाबतीत जाणकार मंडळी सामानासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत ठेवतात, तेही चार पाय जमिनीवर असताना. त्या नियमाने ७० किलोला ३५० किलोचा प्राणी लागेल; ताणून तिसरा हिस्सा धरला तरी उडणारा प्राणी निदान २०० किलोच्या वर हवा.

तेवढा मोठा उडणारा प्राणी होऊन गेला का? हो, पण जेमतेम. टेक्सासमध्ये १९७१ साली ज्याची हाडं सापडली तो क्वेट्झलकोॲटलस (टेरोसॉर, म्हणजे डायनासोरांच्या काळातला उडणारा सरीसृप) पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १० ते ११ मीटर होता, आणि त्याचं वजन आज साधारण २०० ते २५० किलो धरतात. पक्ष्यांमध्ये अर्जेंटिनातला, आता नामशेष झालेला अर्जेंटाविस ७० किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या सामानासकट स्वाराएवढाच. आजचा उडणारा माळढोक नर १५ किलोपर्यंत जातो आणि उडण्यापूर्वी बरीच धाव घेतो. यापुढचा सगळा हिशेब अशा प्राण्याचा, जो निसर्गाच्या आजवरच्या कमाल मर्यादेवर उभा आहे. आपण त्याला भारुंड म्हणू: वजन २१०, पंखविस्तार १२ मीटर (एसटी बसच्या लांबीएवढा), पंखांची सरासरी रुंदी सव्वा मीटर, म्हणजे क्षेत्रफळ १५ चौरस मीटर.

बारा गुणिले वर्गमूळ

एकच सूत्र पाठ करा. एकूण वजनाला पंखांच्या क्षेत्रफळाने भागा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याला १२ने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं, आणि त्यापेक्षा हळू गेला तर प्राणी हवेत टिकत नाही, स्टॉल होऊन पडतो. हा १२चा आकडा बडोद्याच्या उन्हाळी हवेचा आहे: ४० अंशाला एक घनमीटर हवा साधारण १.१३ किलो भरते, १५ अंशाला १.२२. म्हणजे वैशाखात उडणं पौषापेक्षा थोडं महाग पडतं.

सूत्र आधी ओळखीच्या वस्तूवर पडताळून बघा. हँग ग्लायडर (इंजिन नसलेला मोठा पंख, माणूस त्याखाली लटकून तरंगतो) आणि माणूस मिळून ११० किलो, पंख १५ चौरस मीटर, भागाकार ७.३, वर्गमूळ २.७, उत्तर ३२. खरे हँग ग्लायडर याच्या आसपासच्या वेगाला स्टॉल होतात. आता भारुंड: रिकामा असताना भागाकार १४, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. स्वारासह २८० भागिले १५, म्हणजे १८.७, उत्तर ५२. माणूस बसल्याने सात किलोमीटर वाढले, फार नाही. म्हणूनच लोक फसतात. त्यांना वाटतं, चला, जमलं.

प्राणी सरसकट दुप्पट करून सोडवू नका. लांबी दुप्पट झाली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. गॅलिलिओने १६३८ साली हाडांच्या बाबतीत मांडलेला हा हिशेब पंखांनाही चुकत नाही. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, त्याच्या फासळ्यांशेजारी उभे राहा. एवढा देह वाढू शकला कारण पाणी त्याचं वजन तोलत होतं. हवा एवढी उदार नाही.

(दुसरं जग चालणार असेल तर गोष्ट वेगळी. शनीच्या टायटनवर गुरुत्व आपल्या सातव्या हिश्शाएवढं आणि हवा चौपटीहून दाट, त्यामुळे ५२चे ९ होतात. उणे १८० अंशात स्वाराचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.)

मांड ठोकून बसायचं नाही

नायक ताठ बसलेला, शेला मागे फडफडतोय, एक हात पुढे. चित्र झकास, उड्डाण खलास.

भारुंड ताशी ६५ किलोमीटरने तरंगतोय असं धरा. त्याच्या शरीराला आणि पंखांना हवा साधारण २० किलोच्या जोराने मागे ओढते. २८० भागिले २०, म्हणजे एक मीटर खाली येताना तो १४ मीटर पुढे जातो. आता त्यावर माणूस ताठ बसवा. सायकलवर ताठ बसलेल्या माणसाएवढी हवा तो अडवतो, आणि या वेगाला ती ओढ सव्वानऊ किलोची होते. २८० भागिले २९.३, म्हणजे १४चे साडेनऊ झाले. एका माणसाच्या छातीने तिसरा हिस्सा खाल्ला. तोच माणूस पोटावर पालथा, डोकं प्राण्याच्या मानेमागे, पाय शेपटीकडे सरळ, असा निजवला तर ओढ तीन किलोच्या आत येते आणि १२च्या वर आकडा टिकतो. शेला घरी ठेवा.

पालथं निजण्याचं दुसरं कारण खांदा. पक्ष्याचा पंख खांद्यापासून वर-खाली फिरतो, आणि घोड्यासारखे दोन्हीकडे पाय टाकून बसलं तर मांड्या नेमक्या त्या जागी येतात. पंख वर गेला की गुडघा चिरडतो. म्हणून रिकीब नको. खोगीर म्हणजे दीड मीटर लांब, दोन्ही खांद्यांच्या मधोमध बसणारी अरुंद गादी. मागे पावलं टेकवायला आडवी दांडी. पुढे कोपरं टेकवायला दोन खळगे. बांधताना घोड्याचा एकच तंग इथे चालत नाही. छातीवरचे उडण्याचे स्नायू दर फडफडीला फुगतात, आवळलेला पट्टा त्यांचा दम कोंडतो. दोन पट्टे हवेत: एक पंखांच्या पुढून, मानेच्या बुडाशी, दुसरा पंखांच्या मागून पोटावर. दोन्ही पाठीच्या कण्यावरून जाणाऱ्या लांब पट्टीला जोडायचे म्हणजे सरकत नाहीत. आणि स्वार खोगिराला बांधलेला हवा, पण एका हाताने सुटणाऱ्या गाठीने.

लगामाची गरज फारशी नाही. एकूण वजनाचा पाव हिस्सा स्वार स्वतः आहे. तो २० सेंटिमीटर पुढे सरकला तर सगळ्याचा तोल ५ सेंटिमीटर पुढे जातो, नाक खाली येतं, वेग वाढतो. डावीकडे कलला तर डावीकडे वळण. हँग ग्लायडर असाच चालवतात. याची उलटी बाजूही लिहिताना लक्षात ठेवा: घाबरून मागे सरकलेला स्वार आपल्याच वाहनाला स्टॉल करतो. बाण लागून बेशुद्ध पडलेला स्वार ज्या बाजूला लोंबकळेल त्या बाजूला प्राणी गोल गोल उतरत जातो.

दहा रुपयांचा स्वार

कागदावरचा प्राणी तोलात आहे की नाही हे एका दुपारी घरी तपासता येतं. प्रमाण १:२० घ्या. लांबी वीस पटीने कमी, क्षेत्रफळ चारशे पटीने, वजन आठ हजार पटीने. १२ मीटरचा पंखविस्तार ६० सेंटिमीटर होतो, सरासरी रुंदी सव्वासहा सेंटिमीटर, २१० किलोचा भारुंड सव्वासव्वीस ग्रॅमचा. आणि दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या जवळ भरतं. आठ हजारांनी गुणा: बरोबर ६२ किलोचा माणूस.

साहित्य पतंगाचंच. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ, दोरा. पंखाच्या पुढच्या कडेला दोन मिलिमीटरची कामटी, मागची कड मोकळी न सोडता दोरा ताणून चिकटवा, नाहीतर कागद फडफडतो. पंखाला मध्ये किंचित वर वाक द्या, दोन्ही टोकं धडापेक्षा तीन-चार सेंटिमीटर उंच. शेपटीला पंखाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं क्षेत्रफळ, आणि तिची मागची कड दोन मिलिमीटर वर वळवलेली. सोनाराच्या छोट्या काट्यावर वजन करा. २६ ग्रॅमपेक्षा कमी भरलं तर पोटात माती लावून भरून काढा. बहुतेकांचं जास्त भरतं, कारण खळ ओतलेली असते.

आता नाण्याशिवाय दोन बोटांच्या टोकांवर पंखाखालून मॉडेल तोला. पुढच्या कडेपासून दीड ते दोन सेंटिमीटरवर आडवं राहिलं पाहिजे. पतंगाचा किन्ना (कन्नी) बांधताना जी बोटभर जागा शोधतो तीच ही गोष्ट. मग नाणं नेमकं त्या जागी, पाठीवर चिकटपट्टीने लावा. पंखे बंद करून हॉलमध्ये खांद्याच्या उंचीवरून सोडा. फेकू नका, ताशी ११-१२ किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे भरभर चालणाऱ्यापेक्षा दुप्पट जोराने ढकला. उंचीच्या पाच-सहा पट लांब गेलं तर पास. खऱ्या भारुंडाचे १२ इथे मिळणार नाहीत, एवढ्या लहान पंखाला हवा चिकट लागते.

यानंतर खरी परीक्षा. नाणं दोन सेंटिमीटर मागे सरकवा, म्हणजे खऱ्या प्राण्यावर ४० सेंटिमीटर. मॉडेल नाक वर करतं, क्षणभर थबकतं, धप्प पडतं, पुन्हा उचलतं, पुन्हा पडतं. आता चित्रकारांची आवडती जागा: मानेवर, साडेसात सेंटिमीटर पुढे. एकदाच सोडून बघा, खाली उशी ठेवून. यापुढे कुणाला मानेवर बसवायचा मोह होणार नाही. लांब मान हवीच असेल तर तिचं वजन तोलायला धड मागे न्यावं लागतं, किंवा मान उडताना एसच्या आकारात दुमडावी लागते, बगळ्यासारखी.

दम किती

इथे बहुतेक प्राणी नापास होतात. स्वार निजलेला असताना ताशी ६५ने सपाट उडत राहायला भारुंडाला हवेविरुद्ध चार किलोवॅट लागतात. फडफडीत वाया जाणारं धरून पाच. उडण्याचे स्नायू शरीराच्या पाव हिश्शाएवढे दिले (पक्ष्यांमध्ये हे बऱ्यापैकी सढळ आहे) तर ते ५२ किलो. प्राणी जितका मोठा तितकी फडफड मंद, आणि स्नायू दर आकुंचनाला साधारण ठरावीकच काम करतो, म्हणून मोठ्या प्राण्याच्या स्नायूतून किलोमागे शक्ती कमी निघते. दीर्घकाळासाठी ६० वॅट धरले तर ३.१ किलोवॅट. पाच हवेत, तीन आहेत.

म्हणजे स्वार घेतलेला भारुंड फडफडत गावोगाव जाऊ शकत नाही. मिनिट-दोन मिनिटं जोर लावेल, उठायला किंवा झाड टाळायला. बाकी वेळ त्याला गिधाडासारखं तरंगावं लागेल. पंख आणखी मोठे करून हे सुटत नाही, मोठा पंख हलवायलाही स्नायू लागतो. कथा त्याच्या तरंगण्याभोवती बांधलीत तर प्राणी एकदम खरा वाटायला लागतो.

पंखांचा घोडा या हिशेबात बसत नाही, वाईट वाटून घेऊ नका. घोडा, पंख, स्वार मिळून ६०० किलो, तेच १५ चौरस मीटर पंख, तर उडायला ताशी ७६ हवेत. धावून आणि समोरच्या वाऱ्याच्या मदतीने तेवढा वेग गाठेलही. पण हवेत राहायला सोळा किलोवॅटच्या आसपास लागतात, आणि दिवसभर काम करणारा घोडा देतो एक अश्वशक्ती, पाऊण किलोवॅट. बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरीला पंख लावून ड्रॅगन करणाऱ्यांसाठी एवढंच: मगर झडप घालते ती काही क्षणांची, थंड रक्ताच्या प्राण्याला तेवढा जोर तासभर टिकवता येत नाही. ड्रॅगन करायचा तर गरम रक्ताचा करा, पोकळ हाडांचा, आणि पुढचे पाय म्हणजेच पंख. वेगळे पुढचे पाय म्हणजे फुकटचं वजन.

सूर मारण्याची दृश्यं जपून. सरळ उडताना प्रत्येक पंख १४० किलो तोलतो, खांद्यापासून साधारण अडीच मीटरवर टांगल्यासारखे. सुरातून झटक्याने वर उचललं आणि भार तिप्पट झाला तर ते ४२० होतात, आणि स्वार स्वतःला १८६ किलोचा वाटतो. खांद्याचं हाड आतून आडव्या तुळयांनी भरलेलं, व्यासाला जाड, भिंतीला पातळ दाखवा, आणि एवढा झटका एका प्रवासात एकदाच द्या.

पावागडावरून

सपाट जमिनीवरून ५२चा वेग धावून गाठायचा म्हणजे शहामृगाचे पाय हवेत, आणि ते हवेत गेल्यावर ओझं. टेरोसॉर चारही पायांवर उभे राहून मुख्यतः पुढच्या, म्हणजे पंखांच्या पायांनी उसळी घेत असावेत, असं मत आहे. ती पद्धत रिकाम्या भारुंडाला द्या. स्वार असेल तर उतार आणि समोरचा वारा शोधा. बडोद्याजवळ त्यासाठी एकच जागा आहे, पावागड, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. पायथ्याच्या मैदानापेक्षा ७०० मीटर उंच धरू. उन्हाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा त्या बाजूच्या धारेवरून उडी. समोरून ताशी २० किलोमीटर वारा असेल तर धावण्याचा वेग ३२ पुरतो, आणि उतारावर तो आठ-दहा ढांगांत येतो. पाठीमागून वारा असताना उडालेला प्राणी कड्यावरून पडतो. त्या दिवशी थांबायचं.

७०० मीटर गुणिले १२. साडेआठ किलोमीटर. निजलेला स्वार जवळच्या हालोल गावाच्या आसपास पोचतो, ताठ बसलेला त्याआधीच कुणाच्या तरी कपाशीत. बडोदा पन्नास किलोमीटरवर. मधलं अंतर थर्मलने कापायचं, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या खांबाने. सकाळी दहा-अकराच्या आत तो मिळत नाही, म्हणून पहाटेची पळापळ या वाहनाने होत नाही. खूण म्हणजे घारी: जिथे त्या पंख न हलवता गोल चढतायत तिथे जायचं. नांगरलेलं कोरडं शेत आणि डांबर चांगलं, तलाव आणि भिजवलेला ऊस वाईट.

भारुंड स्वारासह सेकंदाला दीड मीटर खाली येतो. अडीच मीटरने चढणारा थर्मल मिळाला तर निव्वळ चढ एक मीटर. हजार मीटर चढायला सतरा मिनिटं. ३० अंश कलून फिरताना रिकाम्या भारुंडाची घिरटी ३८ मीटर त्रिज्येची, स्वारासह ५१ची. अरुंद थर्मलमधून तो बाहेर पडतो, आणि जिथे घार चढतेय तिथे हा उतरत असतो. एका हजार मीटरच्या चढात १२ किलोमीटर. बडोद्यापर्यंत चार थर्मल, म्हणजे दीड-दोन तास. हायवेने बस लवकर पोचेल.

उंचीची हाव स्वारासाठी नको. दर किलोमीटरला साडेसहा अंश गारठा वाढतो, आणि तीन हजार मीटरच्या वर माणसाची विचारशक्ती मंद व्हायला लागते. डभोईजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब (हंसांच्या कुळातले पक्षी) हिमालयावरून येतात. अशा एका कादंबाची ७,२९० मीटरची नोंद आहे. त्यांची फुप्फुसं वेगळी, हवा एकाच दिशेने वाहणारी. भारुंड शुद्धीवर आणि स्वार बेशुद्ध, ही चांगली अडचण आहे, वापरा.

खाणं: एवढ्या देहाला रोज आठ-नऊ किलो मासळी किंवा मांस, उडण्याच्या दिवशी अधिक. ते उतरल्यावर द्यायचं. भरल्या पोटी दचकलेलं गिधाड उडण्याआधी ओकून हलकं होतं; भारुंडही ओकेल, आणि खोगीर घालणारा समोरच उभा असेल.

उतरायला वाड्याचा चौक चालत नाही, बारा मीटरचे पंख मिटायच्या आधीच भिंती येतात. कडेला २० मीटरची झाडं असतील तर त्यांच्या शेंड्यावरून जमिनीपर्यंत येतानाच २४० मीटर जातात, वर पन्नासेक मीटर धाव. पोलो मैदानासारखी मोकळी जागा, वाऱ्याकडे तोंड. जमीन दोन माणसं उंचीवर आली की स्वाराने कोपरं खळग्यातून काढून हातांनी स्वतःला वीतभर मागे ढकलायचं. नाक उचललं जातं, पंख ब्रेकसारखे उभे राहतात. लवकर ढकललं तर वरूनच आदळतो, उशिरा ढकललं तर प्राणी छातीवर घसरतो आणि पुढचा पट्टा तुटतो. म्हणून दुसरा पट्टा सोबत ठेवा.

विजेच्या तारा मोठ्या पक्ष्यांना समोरून उशिरा दिसतात, माळढोक त्यांनीच मरतायत. भारुंडाचे डोळे डोक्याच्या बाजूला काढले असतील तर तारा बघणं स्वाराचं काम. आणि १४ व १५ जानेवारीला बडोद्यावरून तीनशे मीटरच्या खाली नाही. पंखाच्या पुढच्या कडेला काच लावलेला मांजा अडकला तर तो कातडीत रुतत जातो, आणि दुसरं टोक कुणाच्या तरी गच्चीवरच्या फिरकीला असतं.